मधमाशांना सांगितलेलं नाही

२ फेब्रुवारी

आज मेणबत्त्यांचा सण. चर्चमधून मेणबत्ती घेतली आणि घरात न शिरता तडक बागेमागच्या मधघरात गेले. लुडविक दरवर्षी याच दिवशी पेट्यांना कान लावायचा. यंदा मी लावला. पहिली — गुणगुण. दुसरी — गुणगुण. तिसरीला इतका वेळ कान चिकटवला की बधिर झाला, आणि मग आलीच आतून! सगळ्या जिवंत. एकही पेटी गप्प नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर फानीनं गाठलं होतं. शेजारीण आहे, मनानं वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही. "टिल्का, अगं ऑक्टोबरपासून तो नाही. माशांना सांगून टाक आता. धनी गेला आणि त्यांना कोणी सांगितलं नाही तर त्या टिकत नाहीत, हे काय मी तुला शिकवू?"

"कोण गेला?" मी म्हटलं. "लुडविक अळंबी आणायला गेलाय."

फानीनं छातीवर क्रॉस केला. जणू समोर भूत उभं आहे!

५ फेब्रुवारी

बर्फ. त्याची टोपी मधघरातल्या खुंटीवर तशीच आहे. धूळ झटकली नाही.

११ फेब्रुवारी

रीत मला पाठ आहे. सासरे गेले तेव्हा मी मधघराच्या दारात उभी होते, पोटात नेझा. गावातले लोक पेटीवर टकटक करतात आणि सांगतात — तुमचा धनी गेला, आता अमका तुमचा धनी, राहा. एवढंच. आमच्या घराची त्यावर आणखी एक रीत, ती बाहेर कोणाला ठाऊक नाही. माणूस ज्या कपड्यांत गेला त्यातला एकेक धागा प्रत्येक पेटीत ठेवायचा. मागचं दार उघडायचं आणि जाळीच्या फटीत खोचायचा. सांगितलेलं माशा विसरतात, वास विसरत नाहीत, असं सासरे म्हणत. आणि वर्षभर तो धागा काढायचा नाही, काही झालं तरी.

सासऱ्यांच्या बंडीचे धागे लुडविकनं उसवले आणि लोव्रोनं, माझ्या धाकट्या दिरानं, पेट्यांत खोचले. लोव्रो रडत होता. एकही माशी डसली नाही त्याला.

आता मला म्हणतात सांग. धागा कुठून आणू? माझा माणूस अंगावरच्या कपड्यांसकट गेलाय.

२० फेब्रुवारी

नेझाचा ल्युब्लियानाहून फोन. तिचं तेच. "आई, जूनमध्ये बाबांच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा करू. थडग्याच्या दगडावर नाव कोरू. तुलाही मोकळं वाटेल."

मोकळं! मी काय दाटलेलं गटार आहे?

भांडण होणार होतं, पण झालं नाही. शेवटी सौदा केला. म्हटलं, ऐक, अख्खा गाव म्हणतो ना की न सांगितलेल्या माशा मरतात? मग माशाच ठरवतील. त्या मेल्या तर कर तुझी मिस्सा, मी काळे कपडे घालून पहिल्या बाकावर बसते. पण त्या जगल्या आणि दारच्या नाशपतीला फळ धरलं, तर धनी जिवंत आहे. मग मला कोणी एक शब्द बोलायचा नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं आई." लहान मुलाला म्हणतात तसं.

फोन ठेवल्यावर पोलीस आठवले. अंगावर काय होतं, असं विचारलं होतं त्यांनी. सगळं सांगितलं मी. अक्रोडाच्या हिरव्या सालींत मी स्वतः रंगवलेल्या लोकरीचा स्वेटर, लालसर तपकिरी. लोकर पुरली नाही. तो रंग पुन्हा काही जमेना, दोनदा भांडं चढवलं तरी नाही, म्हणून डावी बाही करडी. पहिल्यांदा घातला तेव्हा आरशासमोर वळून वळून बघत होता. "आता रानात गेलो तर हरणी मागे लागतील." मी म्हटलं, "करडी बाही बघून परत फिरतील." त्या सकाळी तोच घालून गेला. टोपली तेवढी सापडली, कड्याच्या काठाला, खाली नदी. लोव्रोलाच सापडली ती. छातीशी धरून आणली होती त्यानं.

१ मार्च

दुपारी मधघरात बसले असताना टक टक टक! पेट्यांवर कोणीतरी ठोकतंय. हातातली सुई पडली. धावत पुढच्या अंगाला गेले, तर सुतारपक्षी. पायाखालची बर्फाची ढेकळं फेकून मारली त्याला. मग तिथेच बर्फात बसून रडले.

१९ मार्च

सेंट जोसेफचा दिवस. ऊन! आणि माशा बाहेर पडल्या! सगळ्या पेट्यांतून, ढगच्या ढग. हिवाळाभर पोट दाबून बसलेल्या त्या, उडता उडता सगळं मोकळं केलं — माझ्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर. पिवळे ठिपकेच ठिपके. एरवी मी शिव्या घातल्या असत्या. आज चादर तोंडाशी धरून हसत होते.

फानी कुंपणावरून बघत होती. "जोसेफपर्यंत संपतील म्हणाली होतीस ना?" मी ओरडले. "घे, मोज!"

"देव करो," ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले. मला तिचा राग येईना, हाच राग आला.

२२ मार्च

लोव्रोनं पेट्या उघडून तपासल्या. मला जवळ येऊ दिलं नाही. "वहिनी, तू लांब थांब. मागे एकच डसली तर चेहरा भोपळ्यासारखा झाला होता तुझा. हे काम माझं." खरंच आहे ते. मला माशा मानवत नाहीत. इतकी वर्षं मी बाहेरून कानच लावत आले.

हा दीर नसता तर माझं काय झालं असतं! लुडविक हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे रानात कुत्रे घेऊन फिरत होते आणि हा एकटा मधघरात येऊन पेट्या हिवाळ्यासाठी बंद करत होता, गवताच्या उशा आत लावत होता. मी दारात जाऊन ओरडले — भाऊ सापडत नाही आणि तुला माशा सुचतात? तो वळला नाही. "माशांचा काय गुन्हा, वहिनी?" एवढंच म्हणाला. तेव्हा मी त्याला काय काय बोलले! आता कळतं.

आणि अख्ख्या गावात हाच एकटा आहे जो 'सांग' म्हणत नाही. आज मी सरळ विचारलं. "लोव्रो, सांगायला हवं का माशांना?"

धुराचं भांडं हातातून खाली ठेवलं त्यानं. "नको. राहू दे. त्या ठीक आहेत."

"म्हणजे तुलाही वाटतं ना, तो येईल?"

"त्या ठीक आहेत, वहिनी."

ताटात बकव्हीटच्या पिठाचे घट्ट शिजवलेले झगान्सी आणि ताक वाढलं. चार घास खाऊन उठला. पूर्वी भांडं खरवडून खायचा.

३ एप्रिल

बाग जागी झाली. बारीक फुलांनी करंटबेरीची झुडपं लगडली, आणि फुलाफुलावर माशी. त्यांचे मागचे पाय पिवळे पडलेत परागांनी. मी तिथेच मातीत बसून राहिले. यातली एखादी गेल्या वर्षी त्याच्या हातावर बसली असेल, ती नाही तर तिची आई तरी. काय वेड्यासारखं लिहितेय. पण लिहिते.

९ एप्रिल

आज सकाळी दार उघडलं आणि जागीच थिजले. घेवड्याच्या वेलांसाठी काठ्या रोवलेल्या. लुडविक रोवायचा तशाच — जाड टोक वर, बारीक टोक खाली, सगळं जग करतं त्याच्या उलट, आणि माथ्याशी साल सोलून गाठ. मी काल रोवल्या नव्हत्या! चपला न घालता बागेत पळाले. मधघर, गोठा, विहीर. नाव घेऊन हाका मारल्या. फानीच्या घरचा कुत्रा भुंकायला लागला.

संध्याकाळी लोव्रो आला. काठ्या त्यानंच रोवलेल्या, पहाटे, मला उठवायचं नव्हतं म्हणून. "बाबांनी दोघांनाही असंच शिकवलंय, वहिनी."

मी त्याच्या छातीवर मुठी मारल्या. पुन्हा माझ्या बागेत न सांगता पाऊल ठेवू नकोस म्हटलं. तो मारून घेत राहिला. हलला नाही.

१२ एप्रिल

बोलायला नको होतं मी. ईस्टरची पोतीत्सा केली, अक्रोडाच्या सारणाची गोड रोटी, लुडविकच्या आवडीची. अर्धी लोव्रोकडे पाठवली.

१९ एप्रिल

नाशपती फुलली. पांढरीफटक! रात्री हिमतुषार पडेल म्हणून लोव्रोनं झाडाखाली ओला पाला जाळून धूर केला. त्याची स्वतःची सफरचंदाची बाग पलीकडेच, तिथं आधी करायला हवा होता. आधी इथे केला.

त्याच्या बागेवरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं फुलोऱ्यात औषध फवारलं आणि लुडविकच्या दोन पेट्या गेल्या. मेलेल्या माशा खोऱ्यानं भरल्या. भाऊ भाऊ वर्षभर बोलले नाहीत. लुडविक म्हणाला होता, "माझ्या माशा नसतील तर तुझ्या झाडांना फळ म्हणून लागणार नाही, तेव्हा कळेल." मग गेल्या उन्हाळ्यात तोच टोपलीभर काकड्या घेऊन गेला त्याच्याकडे, मिटलं सगळं. बरं झालं मिटलं. नाहीतर आज लोव्रोला किती जड गेलं असतं.

२० एप्रिल

हिमतुषार पडला नाही.

२४ एप्रिल

नाशपतीवर माशाच नाहीत. डोक्यावरून जातात, सरळ दरीतल्या चेरींकडे. नाशपतीच्या फुलाला वास बरा नसतो, रसही पातळ, त्यांना दुसरं मिळालं की त्या इकडे बघत नाहीत. माहीत आहे मला सगळं. तरी जीव खालीवर होतोय. फुलं आता आणखी चार दिवस टिकतील फार तर.

फानी म्हणाली, "अगं कोंबडीचं पीस घे आणि फिरव या फुलावरून त्या फुलावर. आमची मावशी करायची." पीस घेऊन शिडीवर चढलेसुद्धा. मग उतरले. मी धरवलेलं फळ काय खरं? सौद्यात लबाडी नको.

मधघरात जाऊन पेट्यांना हात जोडले. म्हटलं, बायांनो, एक दिवस. त्याच्यासाठी.

२५ एप्रिल

आल्या!! चेरी वाऱ्यानं झडल्या आणि दुपारी सगळ्या नाशपतीवर. झाड नुसतं वाजत होतं. खाली उभी राहिले, डोळे मिटले, तर तो मागे उभा. शपथ सांगते. धुराचा वास, मेणाचा वास, त्याच्या मानेचा वास. वळले नाही. वळले असते तर गेला असता.

२ मे

एक पेटी गोंधळलीय. तिच्या माशा दारापाशी येतात आणि घिरट्या घालतात. बघते तर कपाळावरची चित्राची पाटी नाही! प्रत्येक पेटीला वेगळं चित्र असतं, त्यावरून माशांना आपलं घर कळतं. ही सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळची पाटी. त्यात शिकाऱ्याची अंत्ययात्रा, ससे आणि हरणं त्याची तिरडी खांद्यावर नेतायत, कोल्हा पुढे क्रॉस घेऊन. लुडविकची सगळ्यांत लाडकी.

लोव्रो म्हणाला, "रंग उडालाय वहिनी, नेलीय रंगवायला." चांगला लखलखीत रंग होता. पण आता मी त्याला काही बोलणार नाही.

तो फार खंगलाय. ऑक्टोबरपासून बंदुकीला हात लावलेला नाही त्यानं. शिकारी मंडळातले त्याला 'जोगीबुवा' म्हणून चिडवतात. लुडविक हरवला त्या दिवशी सकाळी तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला शिकारीला गेला होता. मला म्हणाला होता एकदा, "या अंगाला असतो तर, वहिनी..." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, तुझा काय दोष त्यात?

११ मे

पाकळ्या झडल्या. शिडी लावून चढले. देठांशी हिरव्या गाठी, मुगाएवढ्या, टणक! ओढून बघितलं, सुटेना. एका घोसात दोन, कुठे तीन. फळ धरलंय. नाशपतीला फळ धरलंय!

नेझाला फोन केला. ओरडलेच. ती म्हणाली, "आई, नाशपतीला दरवर्षी फळ धरतं." मी म्हटलं, सौदा म्हणजे सौदा. ती रडायला लागली. मी नाही रडले. मी दोन ताटं वाढली आणि जेवले.

१५ मे

लोव्रोच्या सफरचंदांनाही भरभरून धरलंय. कुंपणावरून दिसला. झाडाखाली उभा, कपाळ खोडाला टेकवून. हाक मारली, "कशाला तोंड पाडलंयस? असं फळ दहा वर्षांत नव्हतं!"

"त्याच्याच माशा," म्हणाला आणि घरात गेला.

२३ मे

लोव्रो पायी ब्रेझ्येच्या तीर्थाला गेला. मारियाच्या पायाशी मेणबत्ती लावायची म्हणतो. उद्या मुक्काम, परवा दुपारपर्यंत परत. मी त्याला भाकरी आणि सॉसेज बांधून दिलं. म्हटलं, लुडविक लवकर येऊ दे असं माग. तो गाठोडं उचलून तसाच निघाला. कोण जाणे, नवस बोलून दाखवायचा नसेल.

२४ मे

काय दिवस! तिसऱ्या पेटीतून झुंड उठली. ढोल वाजल्यासारखा आवाज, आभाळ काळं, आणि राणीसकट सगळा लोंढा बागेतल्या बिहीच्या झाडाच्या फांदीवर जाऊन लटकला. आणि लोव्रो नाही! फानीला हाक मारली. ती चाळणीचा पडदा डोक्यावर घेऊन आली, मी लुडविकची टोपी आणि त्याची जाळी. पहिल्यांदाच घातली टोपी. माझ्या कानांपर्यंत आली.

"हलव फांदी!" "तू हलव!" "अगं तुझ्या माशा!" असं करत करत एकदाची बुट्टीत झाडली आणि रिकाम्या पेटीत ओतली. एकही डसली नाही मला. एकही नाही! फानी म्हणाली, "टिल्का, यांनी तुला धनीण मानलंय गं." आणि जीभ चावली. धनी असताना धनीण कशाला मानतील? पण मी हसले. आज कशाचाच राग येत नव्हता.

दोघी बाकावर बसून वाईन प्यायलो. फानी कबूल झाली, "मी चुकले बाई. न सांगता इतक्या भरभराटीला आलेल्या माशा मी जन्मात पाहिल्या नाहीत. येतोय तुझा लुडविक." मी तिला मिठी मारली.

नवी झुंड पेटीत टिकायची तर अंड्यापिल्लांची एक चौकट आत द्यावी लागते, म्हणजे माशा सोडून जात नाहीत. लुडविक तसंच करायचा. लोव्रोची वाट बघत बसले तर उडून जातील. उद्या सकाळी तिसरी पेटी मीच उघडणार. भीती वाटत नाही.

२५ मे

तिसऱ्या पेटीचं मागचं दार उघडलं. जाळीच्या फटीत धागा होता.

वाटलं, गावाच्या बोलण्याला भिऊन लोव्रोनं मला न विचारता सांगून टाकलं. एखादा काळा धागा असेल. नखानं खरवडला, माशांच्या डिंकात पक्का बसला होता. काळा नव्हता. लालसर तपकिरी.

सगळ्या पेट्या उघडल्या. सगळ्यांत आहे. शेवटच्या पेटीत करडा, डाव्या बाहीचा.

म्हणून जगल्या. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

धागे काढले नाहीत. वर्ष झालेलं नाही. दारं लावली, आणि आता बाकावर बसलेय, फाटकाकडे तोंड करून. तो दुपारी येईल. त्याला एकच विचारायचंय — लोव्रो, कुठे पुरलंस त्याला?